टीडीएस कापला, पण कर तर शून्य! मग पैसे परत कसे मिळवायचे?

"बारा लाखांपर्यंत कर नाही ना? मग माझे पैसे का कापले?"

कंत्राटी नोकरी, बँक मित्राचं कमिशन, एफडीचं व्याज किंवा फ्रीलान्स काम, यातल्या कुठल्याही मार्गाने तुमच्या खात्यात पैसे येत असतील, तर हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव अशा कुठल्याही तालुक्यात काम करणाऱ्या तरुणांच्या बाबतीत हे घडतं. कापलेली रक्कम कधी तीन हजार असते, कधी चाळीस हजार. "जाऊ दे, सरकारने घेतले" म्हणून बरेच जण विषय सोडून देतात. पण ते पैसे तुमचेच असतात. ते आपोआप मात्र परत येत नाहीत.

गेल्या दोन वर्षांत आयकराचे नियम बरेच बदलले. त्या बदलांचा तुमच्या कपातीवर आणि रिफंडवर काय परिणाम होतो, ते या लेखात उदाहरणांसह पाहू.

टीडीएस आणि कर या दोन वेगळ्या गोष्टी

टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने तुमच्या हातात रक्कम देण्याआधीच थोडा कर कापून सरकारकडे भरणं. बँक, ऑफिस किंवा कंपनी हे काम करते. ही कपात म्हणजे तुमच्या नावावर सरकारकडे जमा झालेली आगाऊ रक्कम.

खरा कर ठरतो वर्ष संपल्यावर. एप्रिल ते मार्च या काळातलं सगळं उत्पन्न मोजायचं, त्यावर कर काढायचा आणि आधी कापलेल्या टीडीएसशी तो ताडून पाहायचा. टीडीएस जास्त निघाला तर फरक परत मिळतो, तोच रिफंड. कमी निघाला तर उरलेला कर आपण भरायचा.

मुख्य मुद्दा असा, की कर कधी शून्य होतो याची मर्यादा वेगळी आहे आणि टीडीएस कधी कापायचा याची मर्यादा वेगळी. कंत्राटदार कंपनीला किंवा बँकेला तुमचं पूर्ण वर्षाचं उत्पन्न माहीत नसतं. ती फक्त स्वतः दिलेली रक्कम बघते आणि ठरलेल्या दराने कापते. म्हणून कर शून्य असूनही कपात होऊ शकते.

पगाराचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे मालक वर्षभराच्या पगाराचा अंदाज काढतो, त्यावरचा कर ठरवतो आणि तो महिन्यांमध्ये वाटून कापतो. त्यामुळे पगारातली कपात खऱ्या कराच्या बरीच जवळ जाते.

काय बदललं? आधी कराचे दर

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीचे टप्पे बदलले. ते १ एप्रिल २०२५ पासूनच्या उत्पन्नाला लागू आहेत:

- ४ लाखांपर्यंत: शून्य
- ४ ते ८ लाख: ५ टक्के
- ८ ते १२ लाख: १० टक्के
- १२ ते १६ लाख: १५ टक्के
- १६ ते २० लाख: २० टक्के
- २० ते २४ लाख: २५ टक्के
- २४ लाखांच्या वर: ३० टक्के

मग "१२ लाखांपर्यंत कर नाही" हे कुठून आलं? करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतची करसवलत मिळते आणि कर शून्यावर येतो. पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावटही आहे, म्हणून त्यांच्यासाठी हा आकडा १२ लाख ७५ हजार होतो.

एक सावधगिरी: ही सवलत ठरावीक टप्प्यांनी लागणाऱ्या करावर आहे. शेअर विक्रीचा नफा, क्रिप्टोतला नफा अशा खास दराच्या उत्पन्नावरचा कर तिने माफ होत नाही. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, बाकी उत्पन्न कितीही कमी असलं तरी.

मग टीडीएसच्या मर्यादा

- बँक आणि पोस्टातल्या ठेवीचं व्याज: वर्षाला ४०,००० ची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. ज्येष्ठ नागरिकांसाठी ५०,००० ची १ लाख झाली. दर १० टक्के.
- कमिशन: मर्यादा १५,००० वरून २०,०००. दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला.
- विमा एजंटचं कमिशन: मर्यादा तीच, २०,०००. दर १ एप्रिल २०२५ पासून २ टक्के.
- व्यावसायिक फी: मर्यादा ३०,००० वरून ५०,०००. दर १० टक्के. तांत्रिक सेवांच्या फीवर २ टक्के.
- कंत्राटी काम: यात बदल नाही. एका बिलाला ३०,००० किंवा वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की व्यक्तीच्या बाबतीत १ टक्का.
- ऑनलाइन बाजारात माल विकणारे: दर १ टक्क्यावरून ०.१ टक्का, १ ऑक्टोबर २०२४ पासून.

आणि पॅन दिला नसेल तर? बहुतेक ठिकाणी थेट २० टक्के.

मर्यादेखालचं उत्पन्न करमुक्त झालं, असं समजू नका. एफडीचं व्याज ४५,००० असेल तर आता बँक काही कापणार नाही, पण रिटर्नमध्ये ते दाखवावंच लागतं.

चार उदाहरणं

१. शहाद्यातली सिव्हिल इंजिनियर. ती एका फर्मसाठी नकाशे काढते. महिन्याला ३५,००० रुपये फी, म्हणजे वर्षाला ४,२०,०००. फर्म १० टक्के कापते: ४२,०००. वरच्या टप्प्यांनी पाहिलं तर ४ लाखांच्या वरच्या २०,००० वर ५ टक्के म्हणजे १,००० रुपये कर, आणि तोही करसवलतीत शून्य. म्हणजे पूर्ण ४२,००० परत मिळायला हवेत. जवळजवळ सव्वा महिन्याची कमाई! रिटर्न भरलं नाही तर ती तिथेच अडकून पडते. आणखी एक गोष्ट: वर्षभरात टीडीएस २५,००० किंवा जास्त असेल तर रिटर्न भरणं बंधनकारकच आहे.

२. धडगावचा बँक मित्र. वर्षाचं कमिशन १,८०,०००. जुन्या ५ टक्के दराने ९,००० कापले गेले असते, आता २ टक्क्यांनी ३,६०० जातात. कर शून्य. रिफंड आधीपेक्षा कमी येईल, पण तोटा काहीच नाही, कारण मुळात कापलेच कमी. इथे एक फॉर्मची गोची आहे. आयटीआर-४ मधली अंदाजित नफ्याची सोय कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही, त्यासाठी आयटीआर-३ लागतो. वरच्या इंजिनियरला मात्र आयटीआर-४ चालतो.

३. नंदुरबारमधला पगारदार. पगार महिन्याला ७०,०००, वर्षाला ८,४०,०००. प्रमाणित वजावट काढून ७,६५,०००. २०२४-२५ मध्ये यावर उपकरासह २७,५६० रुपये कर होता. २०२५-२६ मध्ये तो शून्य. आता समजा, पहिल्या वर्षी त्याचा टीडीएस थोडा जास्त कापला गेला आणि त्याला रिफंड मिळाला. यंदा पगारातून काही कापलंच नाही, म्हणून रिफंडही नाही. "माझा रिफंड कुठे गेला?" याचं उत्तर: तो दर महिन्याच्या पगारातच आला. रिफंड हा बोनस नसतो. तो आपलाच आधी गेलेला पैसा असतो.

४. एफडीवालं घर. ८ लाखांची एफडी, ७ टक्के व्याज, म्हणजे ५६,०००. पॅन असेल तर ५,६०० कपात, नसेल तर ११,२००. कर शून्यच असणार असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेला तशी घोषणा देता येते. साठच्या आतल्यांसाठी १५जी आणि ज्येष्ठांसाठी १५एच या नावांनी ती वर्षानुवर्षं ओळखली जाते. मग कपातच होत नाही आणि रिफंडची वाट पाहावी लागत नाही. पण १५जीला अट आहे: एकूण कर शून्य हवा आणि व्याजाचं उत्पन्नही करमुक्त मर्यादेच्या आत हवं. अट बसत नसताना खोटी घोषणा देऊ नका.

वर्षाच्या मधेच नियम बदलला तर?

असंही झालंय. २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीमुळे पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला आला. त्यात नव्या प्रणालीतली प्रमाणित वजावट ५०,००० वरून ७५,००० झाली, तीही १ एप्रिल २०२४ पासून. तोपर्यंत तीन-चार महिन्यांचे पगार जुन्या हिशोबाने कापून झाले होते. ज्या मालकांनी पुढच्या महिन्यांत कपात कमी केली, तिथे हिशोब जुळला. जिथे तसं झालं नाही, तिथे फरक रिफंडमधूनच मिळवावा लागला. म्हणून बदल जाहीर झाला की पुढच्या पगारपत्रकात टीडीएसचा आकडा बघायची सवय लावा.

नवा कायदा आला, रिफंडचं काय?

१९६१ च्या आयकर कायद्याची जागा 'आयकर अधिनियम, २०२५' ने घेतली. २१ ऑगस्ट २०२५ ला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि १ एप्रिल २०२६ पासून तो लागू आहे. कराचे टप्पे त्याने बदललेले नाहीत. भाषा, मांडणी आणि कलमांचे क्रमांक बदलले.

रिफंडच्या बाबतीत मात्र एक धोका टळला. फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या पहिल्या मसुद्यात रिफंड हवा असेल तर रिटर्न मुदतीतच भरलं पाहिजे, अशी तरतूद होती. म्हणजे एक दिवस उशीर झाला तरी पैसे गेले. खासदार बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीने ती काढायची शिफारस केली आणि ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या कायद्यातून ती गेली. त्यामुळे उशिरा रिटर्न भरूनही रिफंड मागता येतो.

आता एक घोटाळा टाळा. नव्या कायद्यात 'कर वर्ष' हा शब्द आलाय. 'कर वर्ष २०२६-२७' म्हणजे एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ ची कमाई. पण जुन्या पद्धतीतलं 'निर्धारण वर्ष २०२६-२७' म्हणजे त्याआधीच्या वर्षाची, एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ ची कमाई. आकडा तोच, वर्ष वेगळं! मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईचं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचं आहे. पोर्टलवर वर्ष निवडताना दोनदा वाचा.

"आदिवासींना आयकर नाही" हे खरं आहे का?

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न हमखास येतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. व्हिडिओ आणि फॉरवर्डमध्ये "एसटी असाल तर सगळा टीडीएस परत मिळतो" असं सर्रास सांगितलं जातं.

१९६१ च्या कायद्यातल्या कलम १०(२६) मध्ये अशी सूट होती, पण ती ठरावीक भागांपुरती: नागालँड, मणिपूर, त्रिपुरा, अरुणाचल प्रदेश, मिझोराम, आसाम आणि मेघालयातले सहाव्या अनुसूचीशी जोडलेले आदिवासी भाग आणि लडाख. त्या भागात राहणाऱ्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला तिथे मिळालेल्या उत्पन्नावर ती होती. नंदुरबारमधला आदिवासी भाग पाचव्या अनुसूचीत येतो. म्हणून इथल्या शिक्षकाला, तलाठ्याला किंवा नर्सला ही सूट लागू नाही. तिच्या नावावर रिफंड मागितला तर पुढे नोटीस आणि दंड येऊ शकतो.

शेतीचं काय? मिरची, कापूस, पपई अशा शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. मात्र दुसरं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर शेतीचं उत्पन्न टप्पा ठरवताना मोजलं जातं. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही.

टेंभली ते रिफंड: आधार-पॅनची साखळी

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आज रिफंड अडकतो तो बऱ्याचदा याच आधारच्या साखळीत.

पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर ते निष्क्रिय होतं. हा नियम १ जुलै २०२३ पासून लागू आहे. निष्क्रिय पॅनवर टीडीएस जास्त दराने कापला जातो, रिफंड दिला जात नाही आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही. मुदत संपलेल्यांना जोडणीसाठी १,००० रुपये भरावे लागतात. पोर्टलवरून आधार वापरून काढलेलं मोफत ई-पॅन मात्र आधीच जोडलेलं असतं.

इथे नावाची अडचण नेहमीची. वळवी, वसावे, पाडवी अशी आडनावं इंग्रजीत एका कागदावर 'व्ही'ने, दुसऱ्यावर 'डब्ल्यू'ने लिहिलेली असतात. पॅन, आधार आणि बँक खातं तिन्हीकडे स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच हवी. आधारला जुना मोबाइल नंबर असेल तर ओटीपी येणार नाही. तो आधी आधार केंद्रावर बदलून घ्या.

मोबाइलवरून रिफंड मागायच्या पायऱ्या

१. इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर पॅनने लॉगिन करा.

२. २६एएस आणि एआयएस उघडा. कोणी किती टीडीएस भरला ते दिसतं. शेवटच्या तिमाहीची माहिती यायला जूनचा पहिला आठवडा उजाडतो, त्यामुळे एप्रिलमध्ये घाई नको.

३. कपात झालीय पण इथे दिसत नाही? मग कापणाऱ्याने तो भरला नसेल किंवा तुमचा पॅन चुकीचा टाकला असेल. त्याला लेखी कळवा, दुरुस्ती करायला सांगा. बिल, पगारपत्रक, बँक स्टेटमेंट जपून ठेवा.

४. 'माय बँक अकाउंट्स' मध्ये खातं प्रमाणित करा आणि रिफंडसाठी निवडा. रिफंड फक्त अशाच खात्यात येतो.

५. योग्य फॉर्म निवडून रिटर्न भरा. आयटीआर-१ ची नेहमीची मुदत ३१ जुलै. बाकी फॉर्मची तारीख पोर्टलवर पाहा.

६. ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. हे राहिलं तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात! सातपुड्यात रेंज नसेल तर तालुक्याला आल्यावर लगेच उरका. किंवा सही केलेला आयटीआर-व्ही स्पीड पोस्टाने बंगळुरूच्या केंद्राला, पिन ५६०५००, पाठवता येतो.

रिटर्न तपासलं की आकडेमोडीची सूचना ईमेलवर येते आणि रिफंड खात्यात जमा होतो. त्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं. मुदतीत रिटर्न भरलं असेल तर ते १ एप्रिलपासून मोजतात. वरच्या इंजिनियरला ऑगस्टमध्ये ४२,००० मिळाले तर पाच महिन्यांचे १,०५० रुपये जास्त. हे व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचं.

उशीर झाला तर?

३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर विलंब शुल्क १,०००, त्यावर ५,०००. करमुक्त मर्यादेच्या आत असाल आणि रिटर्न बंधनकारक नसेल तर शुल्क नाही. व्याज मात्र रिटर्न भरल्याच्या तारखेपासूनच मिळतं. जुनी करप्रणालीही तेव्हा निवडता येत नाही, त्यामुळे तिच्या वजावटींवर अवलंबून असलेला रिफंड कमी होऊ शकतो.

तीही तारीख गेली? मग विलंब माफीचा अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार ही मुदत निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षं आहे. उशिराचं खरं कारण द्यावं लागतं आणि मंजुरी अधिकाऱ्याच्या हातात असते.

दोन सापळे

पहिला: "तुमचा रिफंड मंजूर, या लिंकवर क्लिक करा" असा मेसेज किंवा एपीके फाइल. रिफंडसाठी विभाग ओटीपी, पिन किंवा कार्डचा नंबर मागत नाही. स्थिती पाहायची तर पोर्टलवर स्वतः लॉगिन करा.

दुसरा: "रिफंड मोठा काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे" म्हणणारा एजंट. तो तुमच्या नावाने न दिलेल्या देणग्या, न भरलेलं घरभाडं दाखवतो. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. असा दावा पकडला गेला तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय मूळ रक्कम आणि व्याज. एजंट आपली टक्केवारी घेऊन गेलेला असतो. रिटर्नवर नाव तुमचं असतं, म्हणून नोटीसही तुम्हालाच येते.

आज एवढंच करा: पोर्टल उघडा, २६एएस मध्ये तुमच्या नावावर किती टीडीएस जमा आहे ते बघा. आकडा शून्य नसेल आणि तुमचा कर शून्य असेल, तर ते पैसे रिटर्नची वाट पाहत आहेत.